सीताफळाच्या बियांचं पथ्य

सीताफळाची बी दाताखाली फोडायची नसते, हे मराठवाड्यातल्या लेकराला वेगळं शिकवावं लागत नाही. गर चोखायचा, बी जिभेनं बाजूला करायची आणि थुंकायची. चुकून एखादी अख्खी गिळली तरी घरात कुणी घाबरत नाही. तिचं टरफल इतकं टणक असतं की ती जशीच्या तशी बाहेर पडते. बी फुटली, कुटली, दळली की मात्र ती वेगळीच वस्तू होते. माझ्या कामाचा बराचसा काळ त्या वेगळ्या वस्तूबरोबर गेला आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यातही वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचा विषय.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी लावलेलं नाही, ते आपसूक वाढलेलं आहे. धारूर, अंबाजोगाई, आष्टी, पाटोदा, जिकडं मुरूम आणि खडक आहे तिकडं ते आहे. पाऊस कमी पडला तरी तगतं, आणि शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून उघड्या माळावरही टिकतं. शेळी बाभळीच्या काट्यातून पाला ओरबाडते आणि सीताफळ सोडून पुढं जाते, यातच त्या झाडाची अर्धी ओळख आली. दसऱ्याच्या आसपास फळांचे डोळे उघडायला लागतात, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळट-पांढऱ्या दिसू लागतात. मग पहाटेपासून बायका पाट्या घेऊन डोंगर चढतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि अंबाजोगाईला खास सीताफळासाठीचं संशोधन केंद्र आहे, तरी या फळाचा खरा भार अजून त्या पाट्यांवरच आहे.

अलीकडं जागोजागी गर काढण्याचे छोटे उद्योग उभे राहिले. गर गोठवून आइस्क्रीम आणि रबडीवाल्यांकडं जातो. मागं उरतात साली आणि बियांचे ढीग, काळेभोर आणि ओलसर, धुतल्यावर कातळासारखे चमकणारे. या ढिगाचं काय करायचं, असा प्रश्न तिथल्या बायका विचारतात. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना घाई करायची नाही, हेही त्याच डोंगरातल्या बायकांनी मला आधी शिकवलेलं आहे.

माझी आजी उवांवर सीताफळाच्या बिया वापरायची. ती रीत मी जवळून पाहिली आहे आणि आता ती आठवते तेव्हा तिच्यातला प्रत्येक टप्पा मला एखाद्या प्रयोगाच्या कृतीसारखा दिसतो. बिया कडक उन्हात वाळवायच्या. कुटायच्या त्या घरात नाही, चुलीजवळ तर नाहीच. अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून, तोंडाला पदर बांधून कुटायच्या. लेकरांना तोवर शेजारी पाठवायचं. पूड करडईच्या तेलात कालवायची म्हणजे ती उडत नाही. पोरीच्या कपाळावर फडकं घट्ट बांधायचं, पापण्यांवर तेलाचं बोट फिरवायचं आणि डोळे मिटून बस म्हणायचं. लेप केसांना लावायचा आणि टाळूवर जखम किंवा खरूज असेल तर लावायचाच नाही. थोड्या वेळानं डोकं मागं झुकवून, म्हणजे पाणी पाठीमागं पडेल असं, दुसऱ्या कुणीतरी धुवायचं. शेवटी आजी स्वतःचे हात राखेनं आणि नंतर शिकेकाईनं चोळून धुवायची. ते होईपर्यंत ती डोळ्याला हात लावायची नाही, घाम आला तरी.

आज कुणी विचारलं तर मी हा उपाय करू नका असंच सांगते. बाजारात उवांची तपासलेली औषधं आहेत. सीताफळाची पूड डोळ्यात गेल्यानं बुबुळाच्या वरच्या थराला इजा झालेले रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत, आणि त्यातले बरेच उवांसाठी ही पूड लावलेलेच आहेत. डोळा लालभडक होतो, असह्य आग होते, उजेड सहन होत नाही. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा बरा होतो. पण आजीच्या रीतीतून मला कळलेली गोष्ट उपायापेक्षा मोठी आहे. त्या रीतीतला उवा मरण्याचा भाग एका वाक्याचा आहे. उरलेलं सगळं पथ्य आहे.

हे पथ्य आलं कुठून? सीताफळ मूळचं उष्णकटिबंधातल्या अमेरिकेचं. ते पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडं आलं, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भरहूतच्या दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपावरच्या कोरीवकामात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सीताफळ दिसलं होतं आणि तसं त्यांनी १८७९ च्या ग्रंथात लिहिलं. ते फळ सीताफळच का, यावर तेव्हापासून वाद आहे. ते पोर्तुगीजांबरोबर आलं ही बाजू खरी धरली, आणि मला ती पटते, तर आमच्या डोंगरातल्या माणसांकडं या झाडाची ओळख करून घ्यायला जेमतेम काही शतकं होती. कुठल्याही जुन्या संहितेनं त्यांना ही बी समजावून दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतः तपासली. कुणाच्या तरी डोळ्यात पहिल्यांदा ही पूड गेली असेल, कुणाच्या तरी खरजेला लागून आग झाली असेल, आणि म्हणून पदर, फडकं, तेल, मागं झुकवलेलं डोकं हे एकेक करून रीतीत आलं. म्हणजे पथ्य हाच त्या तपासणीचा निष्कर्ष. तो कागदावर उतरला नाही, एवढंच.

प्रयोगशाळेत आम्ही जे करतो ते त्या मानानं संथ काम आहे. आधी झाडाची फांदी, पान, फूल, फळ असलेला नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्यायची: अॅनोना स्क्वॅमोसा. रामफळ, हनुमानफळ ही याच कुळातली भावंडं आहेत आणि बी वाळली की नवख्याला फरक कळत नाही, म्हणून हा खटाटोप. मग बिया सावलीत वाळवायच्या आणि भरड दळायच्या. दळताना चष्मा, मास्क, हातमोजे. आजीच्या पदराचीच ही आवृत्ती. बीत तेल भरपूर असतं. पेट्रोलियम ईथर वापरून सॉक्सलेट यंत्रात ते काढलं की खाली उरलेल्या चोथ्यावर अल्कोहोल चालवायचं. अल्कोहोल उडवून दिलं की बशीत तपकिरी, चिकट राळेसारखा अर्क राहतो.

त्यात आपण शोधतो ते आहे का, हे पाहण्याची एक चाचणी मला अजूनही दरवेळी आवडते. अर्काचा ठिपका काचेच्या पातळ थराच्या पट्टीवर द्यायचा, द्रावण पट्टीवर चढू द्यायचं, पट्टी वाळवायची आणि तिच्यावर केडे रीएजंट फवारायचा. कोऱ्या पांढऱ्या पट्टीवर काही क्षणांत गुलाबी-जांभळे ठिपके उमटतात. हे ठिपके अॅसेटोजेनिन नावाच्या रेणूंच्या टोकाला असलेल्या एका वलयाचे. थोड्या वेळानं रंग फिका पडू लागतो, त्यामुळं पोरांना मी आधीच पेन्सिल हातात घेऊन उभं करते. फिकट होण्याआधी प्रत्येक ठिपक्याभोवती रेघ ओढून घ्यायची.

अॅसेटोजेनिन हे लांबच लांब साखळीचे, मेदाम्लांपासून बनलेले रेणू. पहिला १९८२ मध्ये याच कुळातल्या एका आफ्रिकी झाडाच्या मुळातून वेगळा झाला आणि त्यानंतर असे शेकडो रेणू सापडले. सीताफळाच्या बीतल्या एकाचं नावच स्क्वॅमोसिन आहे. हे रेणू पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अवयवावर जाऊन बसतात. श्वसनाच्या साखळीतली पहिलीच पायरी, कॉम्प्लेक्स वन, ते अडवतात. ऊर्जा तयार होणं थांबतं आणि पेशी मरते. ऊ मरते ती यानं, अळी मरते ती यानं. शेळी पाला का टाळते याचं उत्तरही बहुधा इथंच असावं.

मग येते जिवांवरची पहिली चाचणी. खाऱ्या पाण्यातल्या एका बारीकशा कवचधारी जिवाची, ब्राइन श्रिम्पची, अंडी समुद्रासारख्या पाण्यात उबवायची. ही सोपी पद्धत १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या गटानं मांडली आणि आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळांना ती वरदान ठरली. पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतात. भांड्याच्या एका बाजूला दिवा धरला की सगळी नारिंगी ठिपक्यांसारखी उजेडाकडं धावतात, तिथून ती नळीत ओढून घ्यायची. वेगवेगळ्या मात्रेचा अर्क घातलेल्या कुप्यांमध्ये सोडायची आणि एका दिवसानंतर भिंगाखाली मोजायची: किती हलतात, किती नाहीत. सीताफळाच्या बियांच्या कुप्या मोजायला फार वेळ लागत नाही. अगदी थोड्या मात्रेतही तळाशी सगळं शांत असतं. विद्यार्थ्यांना आनंद होतो, ‘मॅडम, अॅक्टिव्हिटी आली’ म्हणतात. आनंद रास्त आहे. पण वहीत काय लिहायचं यावर मी अडून बसते. ‘औषधी गुणधर्म आढळला’ असं नाही लिहायचं. ‘मारक परिणाम आढळला’ असं लिहायचं. त्या दोन वाक्यांत वर्षानुवर्षांचं काम आहे.

मी इतकी का अडून बसते, याला गावाकडच्या आबांचं कारण आहे. काकूंना स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार चालू होते. आबा एकदा संध्याकाळी घरी आले. पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत दळलेली करडी पूड होती. मोबाइलवर आलेला निरोपही दाखवला: या फळात किमोथेरपीच्या दहा हजार पट ताकद आहे, कंपन्या हे लपवून ठेवतात, दहा जणांना पाठवा.

‘‘माय, तू ह्याच बियांवर काम करतीस म्हणं. मंग सांग, दिवसातून किती द्यावी?’’

‘‘आबा, अजिबात नाही द्यायची. दिली का तुम्ही?’’

‘‘नाही. तुला इचारल्याबिगर कामून देईन?’’

मला हायसं वाटलं, आणि भरूनही आलं. हा माणूस बसचे दोन टप्पे करून विचारायला आला होता. त्यांना नुसतं ‘नाही’ म्हणून वाटेला लावणं बरोबर नव्हतं. त्या दहा हजारांची खरी कहाणी मी सांगितली. तो आकडा थापेबाजीतून आलेला नाही, म्हणून तो इतका चिवट आहे. १९९६ मध्ये हनुमानफळाच्या (अॅनोना म्युरिकाटा, काही जण याला लक्ष्मणफळ म्हणतात) बियांतून काढलेल्या एका अॅसेटोजेनिननं बशीत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका जातीच्या पेशी अॅड्रियामायसिन या औषधाच्या दहा हजार पट कमी मात्रेत मारल्या, असा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ते काम बशीतलं होतं, एका शुद्ध रेणूचं होतं, एका जातीच्या पेशींवरचं होतं. निरोपात यातलं काहीच राहिलं नाही. बी गेली आणि फळ आलं, बशी गेली आणि माणूस आला. हनुमानफळाचं सीताफळ कुठल्या वळणावर झालं कोण जाणे.

आबांनी विचारलं, अॅड्रियामायसिन म्हणजे कोणतं? मी म्हटलं, काकूंना ते लाल सलाईन लावतात ना, तेच. आबा गप्प झाले. लाल सलाईन त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यानंतरच्या उलट्या, गळालेले केस, सगळं. मग मी त्या लाल औषधाबद्दल सांगितलं. तेही निसर्गातूनच आलं आहे, इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून. अॅड्रियाटिक समुद्रावरून त्याला नाव मिळालं. तेही विषच आहे. कॅन्सरच्या पेशी मारतं, केसांच्या मुळांच्या पेशी मारतं आणि जास्त झालं तर हृदयाचे स्नायू दुबळे करतं. पण ते शेकडो रुग्णांमध्ये, टप्प्याटप्प्यानं, मोजून तपासलं गेलं. एका माणसाला जन्मभरात एकूण किती द्यायचं याची मर्यादा ठरली आहे. म्हणून डॉक्टर काकूंचा इको काढतात, म्हणून दरवेळी रक्त तपासतात. लाल सलाईनचं सुद्धा पथ्य आहे आणि ते आकड्यांत लिहिलेलं आहे. या पुडीचं पथ्य कुणी लिहिलेलं नाही.

कॉम्प्लेक्स वन फक्त कॅन्सरच्या पेशीत नसतं. ते हृदयात असतं, मेंदूत असतं, आणि चेतापेशींना तर ऊर्जेची टंचाई जराही सोसत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार खूप लोकांना होत होता. त्या रुग्णांच्या सवयींचा १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात शोध घेतला, तेव्हा हनुमानफळ आणि त्याच्या पाल्याचा काढा वर्षानुवर्षं घेण्याशी संबंध दिसला. पुढं २००४ मध्ये, अॅनोनॅसिन हे हनुमानफळातलं अॅसेटोजेनिन उंदरांच्या रक्तात सतत सोडल्यावर त्यांच्या मेंदूतल्या, अशा आजारात बिघडणाऱ्या भागांतल्या पेशी मेल्याचं दिसलं. माणसांमधला आजार नक्की यामुळंच होतो हे सिद्ध झालेलं नाही. हंगामात सीताफळ खाणाऱ्यानं यातून भिण्यासारखं काही नाही, मी दरवर्षी पोटभर खाते. पण बी दळून रोज चमचाभर पोटात घालणं ही गोष्ट वेगळी. आजवर अॅसेटोजेनिनपासून बनलेलं एकही औषध कॅन्सरसाठी मान्यता मिळवून रुग्णापर्यंत पोचलेलं नाही. बशीतल्या पेशी मारणं सोपं असतं. शरीरातल्या लाखो कोटी पेशींतून नेमक्या हव्या त्याच मारणं हेच तर औषध.

आबा जांभळाकडं वळले. ‘‘मंग शुगरला जांभळाच्या बियांची पूड घेत्यात की लोकं.’’ घेतात, आणि बिया म्हटल्या की सगळं एकाच पोत्यात घालायची सवय आपल्याला आहे. जांभळाच्या बीत हे रेणू नाहीत, तिचा धोका वेगळा आणि कमी. तरी ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची मधुमेहाच्या रुग्णांवर नीट चाचणी घेतली तेव्हा साखर कमी झालेली दिसली नव्हती, हेही मी सांगितलं. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला. ‘‘द्यायचीच नाही, तर तुम्ही ह्या बिया तपासता तरी कशाला?’’

त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिलं. नंतर मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला आणि वर्गात मी तो दरवर्षी फळ्यावर लिहिते. तपासायचं ते बी चांगली का वाईट हे ठरवायला नाही. कोणत्या मात्रेत, कुणाला, काय होतं, हे सांगता यावं म्हणून. आबांची पुडी चाचणीलाही उपयोगी नव्हती: कोणत्या झाडाची, कुठल्या डोंगराची, कधी वाळवलेली, काहीच ठाऊक नाही. आणि धारूरच्या खडकावरच्या बीत जे प्रमाण असेल तेच काळ्या रानातल्या, पाणी पाजलेल्या बागेतल्या बीत असेल असं धरून चालता येत नाही. चमचा हे माप इथं निकामी आहे. २०१५ मध्ये आपल्या औषध नियमांत वनस्पतिजन्य औषधांचा स्वतंत्र वर्ग आला. अर्क शुद्ध आणि प्रमाणित हवा, त्यातली किमान चार संयुगं ओळखून मोजलेली हवीत, सुरक्षितता आणि परिणाम तपासलेला हवा. हा नियम मला फार आवडतो. वनस्पती म्हणून सूट नाही आणि वनस्पती म्हणून हेटाळणीही नाही.

या बियांचा सर्वांत जवळचा उपयोग औषधाच्या दुकानात नाही, शेतात आहे, असं माझं मत होत चाललं आहे. आमच्याकडं दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या फवारणीत, सीताफळाचा पाला शेतकरी घालतातच. हरभऱ्यावरची घाटेअळी, कापसावरचा मावा यांना बियांचा अर्क किती मात्रेत आवरतो, हे मोजणं आवाक्यातलं काम आहे. गर काढणाऱ्या बायकांच्या ढिगालाही त्यातून मोल येऊ शकतं. पण तिथंही अळी मेली म्हणून वही मिटायची नाही. त्याच शेतात करडईवर मधमाशा येतात, बांधाखालच्या ओढ्यात मासे असतात, आणि बियांनी मासे मरतात हे जुन्या लोकांनाही माहीत होतं. फवारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं काय, हा तर पहिला रकाना.

तोवर, ज्यांच्या घरी हा लेख हंगामात वाचला जाईल त्यांच्यासाठी: बिया मिक्सरमध्ये दळू नका, त्याच मिक्सरमध्ये उद्या चटणी होणार असते. पूड डोळ्यात गेलीच तर चोळू नका, पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवा आणि दुखणं थांबलं तरी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला कुठलीही पूड, काढा, अर्क द्यायचा विचार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरला सांगा. रागावतील या भीतीनं लपवू नका.

आबांनी पुडी माझ्याकडंच ठेवली. काकूंचे उपचार पूर्ण झाले, आता त्या तपासणीला जातात. यंदा दसऱ्यानंतर आबांच्याच शिवारातल्या झाडांच्या बिया आम्ही घेणार आहोत, फांदीच्या नमुन्यासकट. झाडं त्यांनी दाखवायची असं ठरलं आहे. दळायला मात्र आमच्याकडंच आणायच्या, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.